पाण्यावर उभं राहण्याची परवानगी

हणमंत गायकेचं जे काही झालं ते एका रकान्यामुळे झालं. रकाना स्क्रीनवर दीड इंचाचा होता आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं : छंद.

सनदी सेवांची पूर्वपरीक्षा पास झाली की मुख्य परीक्षेआधी एक सविस्तर अर्ज भरावा लागतो. नाव, गाव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, इथपर्यंत कोणी अडत नाही. छंदापाशी आलं की दिल्लीतलं सगळं मुनिरका ठप्प होतं. तिथल्या भाड्याच्या खोल्यांत त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झोपेत म्हणून दाखवणारी पोरं राहतात, पण स्वतःला काय आवडतं असं विचारलं तर ती आधी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका बघतात. हणमंतला मनापासून दोनच गोष्टी आवडायच्या. दुपारी जेवून झोपणं, आणि जेवताना मोबाईलवर समोर येईल तो व्हिडिओ बघणं. दोन्ही तो वर्षानुवर्षं शिस्तीने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता करत आला होता. पण हे अर्जात लिहिता येत नाही.

त्याचा खोलीतला जोडीदार समर्थ लातूरचा. त्याची पाचवी खेप चालू होती आणि पूर्वपरीक्षेच्या पलीकडे तो कधी गेला नव्हता, त्यामुळे मुलाखत या विषयावर तो अधिकारवाणीने बोलत असे. त्याचं म्हणणं असं की वाचन लिहिलंस तर कुठलं पुस्तक विचारतात, स्वयंपाक लिहिलास तर फोडणीत आधी काय घालतात ते विचारतात, आणि क्रिकेट लिहिणाऱ्याला तर पाणी आणून देणारा शिपाईसुद्धा बाद करू शकतो. तेव्हा छंद असा हवा की जो मुलाखत मंडळाने जन्मात ऐकलेला नाही. मग ते फार तर 'हे काय असतं' एवढंच विचारणार आणि आपण तीन मिनिटं बोलत सुटायचं.

अर्जाची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. पाच वाजून चाळीस मिनिटांनी हणमंत दुपारचं जेवण जेवत होता, म्हणजे ताटाशेजारी मोबाईल उभा होता. मोबाईलवर हवाई बेटांमधल्या एका सामुद्रधुनीत वीस-पंचवीस माणसं लांबलचक फळ्यांवर उभी होती. पाठीमागून वारा, पायाखाली लाटा, हातात पुरुषभर उंचीचं वल्हं. मोलोकाई बेटावरून निघायचं आणि बत्तीस मैलांवरच्या ओआहू बेटाला लागायचं. मध्ये फक्त पॅसिफिक महासागर.

समर्थने मोबाईलकडे पाहिलं, मग हणमंतकडे पाहिलं. "लिही," तो म्हणाला.

व्हिडिओखालच्या मथळ्यावरून हणमंतने जसंच्या तसं उतरवलं : लाँग-डिस्टन्स डाऊनविंड स्टँड-अप पॅडलबोर्ड रेसिंग. अर्ज गेला. एकदा गेलेल्या अर्जातला स्वल्पविरामही बदलता येत नाही हे दोघांना माहीत होतं, पण त्या क्षणी ते सोयीचं वाटलं.

आता हणमंतचं गाव सांगायला हवं. हिंगोली जिल्ह्यातलं सेनगाव. तिथून समुद्राकडे कुठल्याही बाजूने निघालात तरी एक अख्खी रात्र मोडते. त्याला पोहता येत होतं, नाही असं नाही. पाठीला भोपळा बांधून तो विहिरीत पोहायला शिकला होता. पण विहिरीत शिकलेल्या माणसाचं एक असतं, तो गोल पोहतो. सरळ जायची त्याच्यावर कधी वेळच आलेली नसते.

मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि हणमंत पास झाला. मुनिरक्यात दोन तास आनंदीआनंद होता. तिसऱ्या तासाला त्याने आपला अर्ज उघडून पाहिला.

ही त्याची तिसरी खेप होती आणि घरी ठरल्याप्रमाणे शेवटची. वडील त्याला कधी टाकून बोलले नव्हते. त्यांनी फक्त बसस्टँडसमोर एक गाळा बघून ठेवला होता आणि 'हणमंत कृषी सेवा केंद्र' अशी पाटी रंगवून घेतली होती. पोराला वाईट वाटू नये म्हणून ती पाटी ओसरीत भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. दिवाळीला घरी गेला तेव्हा तिच्या पाठीला टेकूनच हणमंतने फराळ केला. बहीण अक्षता त्याला हळूच म्हणाली, "रंग छान आहे बरं का दादा. खते-बियाणे-औषधे पिवळ्यात घेतलंय."

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या अतिथीगृहात मराठी उमेदवारांच्या सराव मुलाखती होत्या. तिथे मध्यभागी विजयालक्ष्मी मॅडम बसल्या होत्या. मूळच्या तमिळ, पण पस्तीस वर्षं महाराष्ट्रात कलेक्टरपासून सचिवापर्यंत सगळं करून निवृत्त झालेल्या, आणि समोरच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणाऱ्या. त्यांनी हणमंतचा अर्ज चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून वाचला.

हे किती वर्षं करता, असं त्यांनी विचारलं. तीन वर्षं, हणमंत म्हणाला. कुठे, त्यांनी विचारलं. समर्थने एवढ्या खोलातली तयारी करून घेतली नव्हती. दिल्लीत, हणमंत म्हणाला. दिल्लीत कुठे? हणमंतच्या डोळ्यांसमोर दिल्लीचा नकाशा आला. त्यात निळ्या रंगाची एकच रेघ होती.

"यमुनेत," तो म्हणाला.

मॅडमच्या शेजारचे गृहस्थ चाळीस वर्षं यमुनेच्या पुलावरून गाडीच्या काचा वर करून जात आले होते. त्यांनी हणमंतकडे खऱ्याखुऱ्या आदराने पाहिलं.

मॅडमनी फाईल मिटली. "हे बघा गायके. थाप मारलेली त्यांना कळते, आणि मग ते मार्क देत नाहीत, बरोबरच करतात. अर्ज आता बदलत नाही. तेव्हा तुम्ही बदला. पाच आठवडे आहेत. निदान त्या फळीवर उभे राहून या."

रविवारी हणमंत हिंदूराव हॉस्पिटलपाशी विश्वनाथकाकांकडे जेवायला गेला. विश्वनाथ रसाळ म्हणजे सेनगावच्या हेडमास्तरांच्या मामेभावाचे साडू. दिल्लीत एवढं नातं सख्खं धरतात. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत त्यांचं पंचेचाळीस वर्षांचं बिऱ्हाड होतं, आणि अरुणाकाकूंच्या हातचा वरणभात खायला मिळावा म्हणून हणमंत दर रविवारी दोनदा मेट्रो बदलून येत असे. त्या दिवशी त्याने ताटावर सगळं सांगून टाकलं.

काकूंना मूळ मुद्दाच पटेना. "अरे, तू गावाकडे भजनात पेटी वाजवायचास ना? मग ते का नाही लिहिलंस?"

हणमंत विचारात पडला. "ते छंद नाही काकू. ते आमच्याकडे असतंच."

काकूंची मुलगी सलोनी गुडगावला नोकरी करायची आणि घरात मराठी, मनात हिंदी बोलायची. ती म्हणाली, अच्छा, तसली फळी तर तिच्या ऑफिसमधल्या एकाकडे पडलीये. हवा भरायची, गुंडाळी करता येणारी. लॉकडाऊनमध्ये त्याला गोव्याला स्थायिक व्हायचं होतं, तेव्हा घेतली होती. बिल्कुल नवी, यार, पिशवीसुद्धा उघडलेली नाही. वल्हं पण आहे. वल्हं हा शब्द तिला हणमंतने त्याच वेळी शिकवला. त्याआधी ती त्याला 'तो डंडा' म्हणत होती.

पण खरा फरक पडला तो विश्वनाथकाकांमध्ये. ते हवामानाच्या सरकारी कामात चौतीस वर्षं होते आणि त्यांचा विषय होता वारा. एवढ्या वर्षांत लोकांनी त्यांना पाऊस येणार का एवढंच विचारलं होतं, आणि ते नाही म्हणाले की छत्री उचलली होती. वाऱ्याबद्दल त्यांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं. लग्नानंतर काकूंनी एकदा विचारलं होतं, पण तो वाळत घातलेल्या कपड्यांचा प्रश्न होता. आता एक तरुण मुलगा ताटावर बसून सांगत होता की त्याचं सगळं आयुष्य पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून आहे.

काकांनी हात धुतला, चष्मा लावला. "किती वारा लागेल तुला?" त्यांनी विचारलं. मिठाईवाला 'पाव किलो देऊ की अर्धा' विचारतो, तसं.

फळी मंगळवारी मुनिरक्यात आली. खोली दहा बाय नऊ होती आणि फळी साडेअकरा फूट. हे दोन्ही आकडे दोघांनाही माहीत होते, पण गुंडाळलेली फळी सतरंजीएवढी दिसत होती आणि समर्थचा सतरंज्यांवर विश्वास होता. एकदा हवा भरून बघू, तो म्हणाला. पायपंपाने हवा भरता भरता फळी उलगडली, ताठ झाली आणि खोलीत कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी बसली. मागचं टोक कॉटखाली गच्च. पुढचं टोक दाराला टेकलेलं. दार आत उघडणारं. हवा सोडायची झडप मागच्या टोकाला.

अर्ध्या तासात जिन्यात गर्दी जमली. बंद दारातून दोघांना बरेच सल्ले मिळाले. वरच्या मजल्यावरच्या पाटण्याच्या मुलाने टाचणी सुचवली. शेजारच्या खोलीतल्याने फळी थंड केली तर आकसेल असं विज्ञान सांगितलं आणि पंखा पाचवर करायला लावला. तळमजल्यावरचा एक केरळचा मुलगा तेवढा समुद्र पाहिलेला होता. त्याने फक्त वाऱ्याचा वेग विचारला आणि निघून गेला. शेवटी समर्थ, जो पाच वर्षांत कुठेच खोलात शिरला नव्हता, तो कॉटखाली शिरला आणि झडप उघडली. हवा असा आवाज करत बाहेर पडली की जिन्यातली गर्दी दोन मजले खाली गेली.

तेवढ्यात घरमालक चौधरीजी वर आले होते. एका खोलीत दोनच माणसं हा त्यांचा नियम होता, आणि दार उघडल्यावर त्यांना दिसलं साडेअकरा फुटी अंथरूण. तिसरा कौन है, त्यांनी विचारलं. कोणी नाही, ही हवेची फळी आहे, पाण्यावर उभं राहायची, असं हणमंतने समजावलं. चौधरीजींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मते पाण्यावर उभं राहणारा माणूस असण्यापेक्षा साडेअकरा फूट उंचीचा माणूस असणं जास्त शक्य होतं. त्या दिवसापासून ते कधीही दार ठोठावून त्या उंच भाडेकरूला पकडायला येऊ लागले. एकदा त्यांनी माळ्यावरही पाहिलं.

मग पाणी शोधायचं राहिलं. काकांनी गुडगावच्या खाली, अरवलीच्या डोंगरांत एक लांबट तळं नकाशावर काढून दिलं. वायव्य ते आग्नेय अशी त्याची ठेवण होती, आणि फेब्रुवारीतला वारा वायव्येचाच. देवाने आपल्यासाठीच खोदलंय, काका म्हणाले. तळ्याच्या काठी पत्र्याच्या शेडमध्ये एक कार्यालय होतं आणि कार्यालयाबाहेर फलक होता : तैरना, कपड़े धोना, मछली पकड़ना मना है.

आतल्या बाबूंनी विचारलं, ही नाव आहे का. नाही, हणमंत म्हणाला. नाव असती तर तिला नंबर लागतो, बाबू म्हणाले. मग पोहणार का? पोहणं मना आहे. पोहणार नाही, हणमंत म्हणाला, उभा राहणार. बाबूंनी बाहेर जाऊन स्वतःचाच फलक पुन्हा वाचला. उभं राहण्यावर बंदी नव्हती. पण परवानगीही नव्हती, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत नोकरीची तीस वर्षं काढलेले बाबू असे सहजी हलणारे नव्हते. त्यांनी अर्ज लिहायला लावला. विषय : पानी पर खड़े होने की अनुमति हेतु. हा काही धार्मिक कार्यक्रम नाही ना, असं त्यांनी जाता जाता विचारून घेतलं. मग पाणी सिंचनाचं म्हणून तिकडची सही लागेल म्हणाले, आणि काठ जंगलाचा म्हणून तिकडची. हवेला सही लागत नाही हे ऐकून काका थोडे दुखावले.

चार फेऱ्यांनंतर कागद पूर्ण झाला. शेवटी प्रयोजनाचा रकाना रिकामा राहिला होता. रकान्यांचा धसका घेतलेल्या हणमंतने या वेळी खरं तेच लिहिलं : सरकारी नोकरी. बाबूंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांचा भाचा सहा वर्षं हीच परीक्षा देत होता. कुठल्या खेपेला आहेस बेटा, त्यांनी विचारलं, आणि तिसऱ्या म्हटल्यावर लगेच शिक्का उमटवला. शिक्क्याखाली एक अट हाताने लिहिली : आवेदक अपनी ज़िम्मेदारी पर खड़ा रहेगा.

हे वाक्य हणमंतने नंतर बरेच दिवस पाकिटात ठेवलं होतं.

पहिल्या शनिवारी तो एकोणीस वेळा पडला. काका काठावर घडीच्या खुर्चीत बसून मोजत होते. त्यांच्याकडे नोकरीतली एक जुनी कोरी वही होती, पावसाची नोंद करायची. तिच्यात 'मिलिमीटर' या शीर्षकाखाली ते हणमंतच्या पडण्याची नोंद करत. दुसऱ्या शनिवारी चौदा. विहिरीचे संस्कार असल्यामुळे जेव्हा तो उभा राहायचा तेव्हा फळी गोल फिरायची. समर्थ काठावरून मराठी, हिंदी आणि घटनेतल्या भाषेत सूचना द्यायचा. गाडीत परत येताना काका दुसरं काही बोलत नसत. ओला हणमंत शेजारी बसला की ते विचारत, "किती वेळा पडलास?" स्वतः मोजलेलं असूनही विचारत. आकडा जुळला की गाडी सुरू करत.

तिसऱ्या शनिवारी थंडी परत आली. हणमंतकडे गरम असं एकच होतं, मुलाखतीसाठी शिवून घेतलेला निळा ब्लेझर. तो त्याने अंगात चढवला आणि त्यावर नारिंगी लाईफ जॅकेट बांधलं. समर्थ म्हणाला की मुलाखतीच्या कपड्यांत तोल साधला तर मुलाखतीतही साधेल. असं तो म्हणाला की कोणी वाद घालत नसे, कारण वाद घातला की तो उदाहरणं देई.

काकांनी आदल्या बुधवारीच सांगून ठेवलं होतं की शनिवारी अकराच्या सुमारास वायव्येचा वारा सुटेल, ताशी पंचवीस ते तीस. अकरा वाजायला चार मिनिटं असताना तळ्यावर पहिली शिरशिरी आली. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा अंदाज बरोबर आलेला पाहायला शेजारी कोणीतरी होतं.

हणमंत पडला, चढला, पडला, चढला. मग त्याच्या पाठीवर कोणीतरी तळहात ठेवावा तसा वारा आला. व्हिडिओतली माणसं म्हणायची की लाटेशी भांडायचं नाही. ती मागून येते, फळीचं शेपूट उचलते, तेवढ्यापुरती दोन वल्ही मारायची आणि मग नुसतं उभं राहायचं. त्या तळ्यात लाट कसली, वीतभर उंचीची वळी होती. पण तिने शेपूट उचललं. हणमंतने दोन वल्ही मारली आणि फळी सरळ निघाली. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात तो गोल न फिरता सरळ चालला होता. दुसरी लाट आली, ती पण मिळाली. चालू घडामोडी, पाटी, दीड इंचाचा रकाना, सगळं मागे पडलं. तो मोठ्याने काहीतरी म्हणत होता. ते काय होतं हे त्याला नंतर आठवलं, भजनाची चाल होती.

दीड किलोमीटर गेल्यावर त्याने परत वळावं असं ठरवलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वळता येत नाही. वळलं की वारा छातीवर येतो आणि माणूस शीड लावलेल्या होडीसारखा उलटा चालू लागतो, आणि ब्लेझर शीड म्हणून काही कमी पडत नाही. वाऱ्याची दिशा, वेग, वेळ, सगळं काकांनी अचूक सांगितलं होतं. वारा एकाच बाजूला जातो हे मात्र तिघांपैकी कोणी बोललं नव्हतं.

पलीकडच्या काठावर एका फार्महाऊसची हिरवळ पाण्यापर्यंत उतरत होती आणि तिथे लग्नाआधीचं फोटोशूट चालू होतं. गुडघाभर पाण्यात नवरदेव, लाल घेरदार झग्यात नवरी, मागे गुलाबी धूर, वर ड्रोन. त्या धुरातून निळा ब्लेझर आणि नारिंगी जॅकेट घातलेला एक माणूस पाण्यावर ताठ उभा, हात न हलवता, अत्यंत गंभीर चेहऱ्याने दोघांच्या मागून सरकत गेला आणि फ्रेमच्या बाहेर चिखलात रुतला.

कोणी रागावलं नाही. फोटोग्राफरला वाटलं की हा पॅकेजमधलाच भाग आहे. त्याने हणमंतला नम्रपणे विनंती केली, भैया, एक बार और, थोड़ा धीरे. हणमंतने चिखलातूनच समजावलं की या खेळात पुन्हा येता येत नाही. मग नवरीने त्याला विचारलं की तुम्हाला थंडी वाजतेय का, आणि एका मावशीने त्याच्या हातात समोसा दिला. सनदी सेवेच्या उमेदवाराने असा समोसा घ्यावा की नाही यावर त्याने क्षणभर विचार केला आणि मग दोन घेतले.

त्याचा मोबाईल काकांच्या गाडीत होता. पाण्यावरून दोन किलोमीटर असलेलं अंतर डोंगराला वळसा घालून रस्त्याने एकोणीस भरत होतं. हवा सोडून फळी गुंडाळली असती तर बरं झालं असतं, पण पिशवी आणि पंप पलीकडे होते, आणि गुंडाळलेली ओली फळी नुसती धरायला तीन माणसं लागतात. हणमंत साडेअकरा फूट डोक्यावर घेऊन चालू लागला. वारा आता आडवा होता. वाटेतल्या गावांनी त्याला मनापासून सल्ले दिले. एक म्हातारा म्हणाला, दार असं आडवं नेत नाहीत, उभं न्यावं. दुसऱ्याने विचारलं, किवाड़ कितने का लिया. शेवटी फ्लॉवर भरलेल्या एका ट्रॅक्टर-ट्रॉलीने त्याला वर घेतलं, आणि फळी फ्लॉवरवर अशी पसरून बसली की जणू तिच्याचसाठी ते पिकवलं होतं.

त्याच वेळी काका, समर्थला शेजारी बसवून, त्याला शोधायला त्याच रस्त्याने उलट्या दिशेने निघाले होते. ट्रॉलीच्या कडेने त्यांची गाडी गेली. खालून त्यांना फक्त फ्लॉवर दिसले. हणमंत अलीकडच्या काठाला पोहोचला तेव्हा तिथे काकांची रिकामी खुर्ची होती. तो खुर्चीत बसून राहिला. त्याने गाडी शोधायला निघायचं नाही असं ठरवलं. त्या दिवशी घेतलेला हा एकच बरा निर्णय होता. ब्लेझर अंगावरच वाळत होता आणि वाळता वाळता आखूड होत होता. फळीवर उभं राहणं पाच आठवड्यांत जमेल असं मॅडम म्हणाल्या होत्या. परत येण्याबद्दल मॅडमही काही बोलल्या नव्हत्या. पाठीला टेकायला या वेळी पाटी नव्हती, तरी त्याला ती पाठीला लागत होती.

चारच्या सुमारास गाडी आली. फार्महाऊसवर काकांना फोटो दाखवले होते, त्यामुळे पोरगा जिवंत आहे हे त्यांना कळलं होतं. समर्थचा आवाज हाका मारून बसला होता, त्यामुळे सूचना तो हातवाऱ्यांनी देत होता. काकांनी हणमंतला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आकसलेल्या बाह्या पाहिल्या.

"किती वेळा पडलास?"

"सात. पण काका, त्यानंतर नाही पडलो. सरळ गेलो."

"बघितलं मी," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मुलाखतीच्या दिवशी हणमंतने काकांचा ब्लेझर घातला होता. करडा, रिटायर होताना शिवलेला, खांद्यांत दीड हणमंत मावतील एवढा. काकांनी त्याला गेटपाशी सोडलं. मला बँकेत काम आहे, तू मेट्रोने ये, असं म्हणून ते गेले.

त्याने मराठीतून मुलाखत मागितली होती, त्यामुळे पाच जणांच्या मंडळाशेजारी एक दुभाषी बसला होता. सुरुवात बरी झाली. हिंगोलीची हळद आली, कयाधू नदी आली. मग एका देशाची राजधानी आली नाही. एका समितीच्या अध्यक्षांचं नाव आलं नाही. दोन्ही वेळा हणमंत म्हणाला, माहीत नाही सर, आणि ते वाक्य दुभाष्यालाही सोपं गेलं. मग अगदी कडेचे एक सदस्य पुढे झुकले. इतका वेळ ते गप्प होते. रापलेला चेहरा, ताठ पाठ, पंजे असे की दोरखंड ओढण्यात आयुष्य गेलं असावं. हा माणूस समुद्राचा होता.

तुम्ही रेसिंग असं लिहिलं आहे, ते म्हणाले. सामुद्रधुनी ओलांडण्याचं रेसिंग.

समर्थने पाठ करून घेतलेली तीन मिनिटं हणमंतच्या जिभेवर तयार होती. वल्ह्याच्या पात्याचा कोन, लाटेची लांबी, आणि शेवटी या सगळ्याचा लोकप्रशासनाशी असलेला संबंध. त्याने तोंड उघडलं आणि त्याला पाकिटातला कागद आठवला. आवेदक अपनी ज़िम्मेदारी पर खड़ा रहेगा.

"लिहिलं आहे सर. केलेलं नाही," तो म्हणाला. "लिहिलं तेव्हा मी ते फक्त जेवताना बघितलं होतं. ते चुकलं माझं. त्यानंतर शिकलो. चाळीस वेळा पडलो. एक तळं ओलांडलं, तेही ओलांडायचं नव्हतं."

दुभाष्याने एकेक वाक्य इंग्रजीत नेऊन ठेवलं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. हणमंतला खते-बियाणे-औषधे पिवळ्या अक्षरांत दिसली.

कडेच्या सदस्यांनी बोटं गुंफली. बरं, ते म्हणाले, ओलांडलंय ना. मग सांगा, मागच्या वाऱ्यावर जायचं असेल तर सगळ्यात महत्त्वाचं साधन कोणतं. फळी, वल्हं, की जॅकेट?

हणमंतने विचार केला. एकोणीस किलोमीटर, फ्लॉवर, रिकामी खुर्ची, चष्मा पुसणारे काका.

"परतीची गाडी," तो म्हणाला. "आणि ती चालवणारा माणूस."

दुभाषी हे भाषांतर करायला वळला आणि त्यालाच हसू आलं. ते थांबेना. पाचही सदस्य, हसू कशाचं आहे हे न कळता, त्याचं हसू संपायची वाट बघत बसले. शेवटी त्याने डोळे पुसत सांगितलं, आणि मग कडेचे सदस्य असे हसले की अध्यक्षांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. अगदी बरोबर, ते म्हणाले. हे पुस्तकात नसतं. मग पुढची दहा मिनिटं त्यांनी त्या तळ्याचीच चौकशी केली. फोटोशूटपर्यंत आल्यावर अध्यक्षांनीही पेन खाली ठेवलं.

निकाल पुढे एप्रिलात लागला. हणमंतचा नंबर सहाशे अठरावा आला आणि तेवढ्यावर एका केंद्रीय सेवेत त्याची सोय झाली. पाटीही वाया गेली नाही. दुकान चुलत्यांनी काढलं आणि नाव तेच ठेवलं, कारण रंग आधीच दिला होता. समर्थने पुढच्या वेळी मुख्य परीक्षा गाठली. अर्जात त्याने मधमाशीपालन लिहिलं आहे, आणि चौधरीजी सध्या गच्चीवर जात नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हणमंत बाहेर आला तेव्हा त्याला काहीच माहीत नव्हतं. दोन प्रश्न चुकले होते, एक थाप कबूल करून झाली होती, आणि मोठ्या माणसांचं हसू म्हणजे मार्क असतात की निरोप, हे कोणी सांगू शकत नव्हतं. ब्लेझरचे खांदे सावरत तो गेटबाहेर आला आणि मेट्रोच्या दिशेने वळला.

रस्त्यापलीकडे एक जुनी पांढरी गाडी उभी होती. टपावरचा फळी बांधायचा कॅरियर अजून काढलेला नव्हता. आत विश्वनाथकाका छातीवर वर्तमानपत्र ठेवून झोपले होते. बँकेत गेलेला माणूस असा दिसत नाही. हणमंतने काचेवर टकटक केली. काका दचकून उठले आणि त्यांनी दार आतून उघडलं. कोण होतं, काय विचारलं, बरं गेलं का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. डॅशबोर्डवरची पावसाची वही त्यांनी मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढलं.

"किती वेळा पडलास?"

"दोनदा."

काकांनी मिलिमीटरच्या रकान्यात दोन लिहिलं, शाई वाळू दिली आणि वही मिटली.

"चल, बस," ते म्हणाले. "वारा मागून आहे."